पावसाआधी पाचोळा साठवा, ओला कचरा घरातच जिरवा



पाऊस तोंडावर आला आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तो पुण्यात पोचतो. म्हणजे आपल्या हातात जेमतेम महिना उरला आहे. या महिन्यात प्रत्येक घराने दोन कामं करावीत, अशी कळकळीची विनंती आहे. पहिलं, दोन-तीन पोती कोरडा पाचोळा गोळा करून ठेवावा. दुसरं, स्वयंपाकघरातला ओला कचरा घराबाहेर देणं थांबवून त्याचं घरीच खत करायला लागावं.

दुसरं काम सगळ्यांच्या कानांवरून गेलेलं आहे. पहिलं मात्र सहसा कोणी सांगत नाही, आणि घरच्या खताचे बहुतेक प्रयत्न नेमके तिथेच फसतात. भाजीची देठं, फळांच्या साली, शिळा भात यांत पाणी भरपूर असतं आणि नत्रही बरंच असतं. नुसतं तेच डब्यात साठत गेलं की दोन दिवसांत वास सुटतो, चिलटं जमतात, आणि घरातलं कोणीतरी वैतागून डबा दाराबाहेर ठेवतं. वाळलेल्या पानांत कर्ब असतो. पानं जास्तीचं पाणी शोषून घेतात आणि डब्यात हवा खेळती ठेवतात. खत करणाऱ्या जिवाणूंना एक भाग नत्रामागे साधारण पंचवीस ते तीस भाग कर्ब लागतो. एकट्या ओल्या कचऱ्याला ते प्रमाण गाठता येत नाही. पाचोळ्याची जोड मिळाली की गाठता येतं.

आणि हा पाचोळा वर्षभर मिळत नाही. माघात सुरू झालेली पानगळ आता सरत आली आहे. पिंपळ, शिरीष, बदाम, करंज, रेन ट्री यांची पानं रस्त्याकडेला, शाळांच्या मैदानांत, सोसायट्यांच्या आवारात अजून ढिगांनी पडली आहेत. त्यांतले कितीतरी ढीग सकाळी सकाळी पेटवले जातात आणि तो धूर मुलांच्या छातीत जातो. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी उघड्यावर कचरा जाळायला बंदी घातली, तरी हे चालूच आहे. जे ढीग जळत नाहीत ते पहिल्या मोठ्या सरीत भिजतात, वाहतात आणि गटारांच्या जाळ्यांवर जाऊन बसतात. त्यानंतर चार महिने शहरात मूठभर कोरडं पान शोधूनही सापडत नाही. म्हणून ही विनंती आज, याच आठवड्यात करावी लागते आहे.

सासवड रस्त्यावर काय घडलं, ते आठवा

पुरंदरचे अंजीर, सीताफळं आणि मटार ज्या सासवड रस्त्याने शहरात येतात, त्याच रस्त्यालगत उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावं आहेत. आषाढात ज्ञानोबा माऊलींची पालखी याच वाटेने दिवेघाटाकडे जाते. आणि याच गावांच्या शिवारात सुमारे १६३ एकरांवर पुण्याचा कचरा डेपो पसरला. तीन दशकांहून अधिक काळ शहराने या गावांना आपली घाण सोसायला लावली. विहिरींचं पाणी नासलं आणि लोकांना टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसावं लागलं. ज्यांच्या शेतांतून आपलं पोट भरलं, त्यांच्याच अंगणात आपण आपलं सडकं टाकलं. ही गोष्ट पुणेकर म्हणून आपल्याला बोचली पाहिजे.

एप्रिल २०१७ मध्ये डेपोला आग लागली आणि ग्रामस्थांचा संयम संपला. त्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. सुमारे तीन आठवडे शहराचा कचरा शहरातच साचला आणि चौकाचौकांत कुजत पडला. तेव्हा कुठे अनेकांना पहिल्यांदा जाणवलं की आपण दारात ठेवलेली पिशवी नाहीशी होत नसते. ती कोणाच्या तरी दारात जाऊन पडते.

हे एकट्या पुण्याचं दुखणं नाही. मुंबईत १९२७ पासून वापरात असलेल्या देवनारच्या डम्पिंग ग्राउंडला जानेवारी २०१६ च्या अखेरीस अशी आग लागली की धुराने शहराचा मोठा भाग झाकोळला आणि शाळांना सुट्टी द्यावी लागली. छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या रोखल्या. पर्यायी जागा शोधण्याच्या प्रयत्नात पुढच्याच महिन्यात मिटमिट्यात दगडफेक आणि जाळपोळ झाली. जागा बदलून हा प्रश्न सुटत नाही, कारण आपली घाण आनंदाने ओटीत घेणारं गाव कुठेच नसतं. आणि ते का असावं?

आगीचं मूळ आपल्या ओट्यावर आहे

डेपोला आग का लागते, काळं पाणी का झिरपतं, दुर्गंधी का सुटते? या तिन्हींचं मूळ बहुतांशी ओल्या कचऱ्यात आहे. काच, पत्रा, प्लास्टिक पडून राहिलं तरी सडत नाही. सडतं ते अन्न. कचऱ्याच्या उंच ढिगाखाली दबलं की त्याला हवा मिळत नाही. हवेशिवाय सडताना त्यातून मिथेन वायू निघतो. तो पेट घेतो आणि आग ढिगाच्या पोटात दिवसेंदिवस धुमसत राहते. वातावरण तापवण्याच्या बाबतीत हा मिथेन वीस वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पटींहून अधिक घातक ठरतो. ढिगातून पावसाचं पाणी झिरपतं तेव्हा सडलेल्या अन्नाचे आम्लधर्मी द्रव त्यात मिसळतात. ते बॅटऱ्या, रंगांचे डबे, औषधं यांतली विषं विरघळवून खाली जमिनीत नेतात. विहिरी नासतात त्या अशा.

पुण्यात रोज दोन हजार टनांहून अधिक कचरा निघतो. त्यातला निम्म्याच्या आसपास ओला असतो. आणि ओल्या कचऱ्याच्या वजनात सत्तर-ऐंशी टक्के पाणीच असतं. म्हणजे डिझेल जाळून, रस्ते अडवून, आपण कलिंगडाच्या सालीतलं आणि दुधी भोपळ्यातलं पाणी शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला वाहून नेतो. सुक्या कचऱ्यात मिसळलं की तेच पाणी कागद भिजवतं, पुठ्ठा कुजवतं, प्लास्टिक बरबटवतं. पुन्हा उपयोगात येऊ शकणारा माल त्यामुळे निकामी होतो.

चार माणसांच्या घरात रोज साधारण अर्धा ते एक किलो ओला कचरा निघतो. अर्धा किलोच धरला तरी वर्षाला १८० किलोंहून अधिक होतो. शंभर घरांच्या सोसायटीचा हिशेब वर्षाला १८ टनांवर जातो. हा सगळा भार आपण बाल्कनीतल्या दोन बादल्यांत थोपवू शकतो. दुसऱ्या कुठल्याही नागरी प्रश्नात एका घराच्या हातात इतकं थेट बळ क्वचितच असतं.

आपला कचरा उपसणारे हात

पुण्यात १९९३ मध्ये 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. तिच्यातून पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली. आज तीन हजारांहून अधिक वेचक, त्यांत बहुसंख्य बायका, आपल्या दारातून कचरा नेतात. आपण कचरा एकत्र दिला की तो वेगळा करायचं काम त्यांच्या हातांवर येतं. आंबलेल्या आमटीत बुडालेली काच, खरकट्यात गुंडाळलेलं ब्लेड, डायपर हे सगळं त्या हातांनी उपसायचं.

घरी खत केलं तर त्यांच्या पोटावर पाय येईल, अशी शंका काही जण बोलून दाखवतात. तसं होत नाही. त्यांना पैसा मिळतो तो सुका माल विकून आणि आपण देतो त्या सेवाशुल्कातून. ओला कचरा बाजूला झाला की सुका माल कोरडा आणि स्वच्छ राहतो, त्याला भाव चांगला येतो आणि उचलायचं ओझंही हलकं होतं. तेव्हा ओला कचरा घरी जिरवायला लागलात तरी सेवाशुल्क मात्र न चुकता देत राहा.

पाचोळा कसा जमवायचा

सकाळी लवकर निघा, सोबत गोणपाटाची पोती घ्या. झाडलोट करणाऱ्या ताई-दादांशी आधी बोला. त्यांनी झाडून केलेले ढीग तुम्हाला आयते मिळतील आणि त्यांचंही काम हलकं होईल. पानांतून प्लास्टिक, दगड, गुटख्याच्या पुड्या वेचून काढा. ओलसर पानं एक दिवस उन्हात पसरा. कडकडीत वाळली की पोत्यात भरून पायांनी तुडवा. चुरा झाला की जागाही कमी लागते आणि पानं कुजतातही लवकर. रेन ट्री आणि शिरीषाची बारीक पानं सगळ्यांत सोयीची. आंबा, फणस, वड यांची पानं जाड असतात, ती नीट चुरून घ्यावीत. निलगिरीची पानं फार घालू नयेत.

एका घराला पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी दोन-तीन पोती दाबून भरलेला चुरा पुरतो. पोती जमिनीला टेकू न देता फळीवर किंवा विटांवर, छपराखाली ठेवा. आसपास झाडं नसतील तर नारळाच्या शेंड्या, कोकोपीट, सुताराकडचा साध्या लाकडाचा भुसा किंवा फाडलेला पुठ्ठा चालतो. प्लायवूडचा भुसा नको. रसवंतीवाल्याकडचं उसाचं चिपाड बारीक तोडून वाळवलं तर तेही कामी येतं.

ज्यांच्या आवारात पानांचे ढीग आहेत पण खत करायला जागा नाही, त्यांनी ती पानं हवी असणाऱ्यांना द्यावीत. पुण्यात अदिती देवधर यांनी सुरू केलेल्या 'ब्राउन लीफ' या उपक्रमाने अशी देवाणघेवाण घडवून दाखवली आहे. तुमच्या गल्लीच्या, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आज एक ओळ टाका: 'पानं जाळू नका, आम्ही घेऊन जातो.' तेवढ्यानेही पुष्कळ होईल.

डबा कसा लावायचा

महागडी साधनं नकोत. रंगाची वीस लिटरची रिकामी बादली, तडा गेलेला माठ किंवा जुना प्लास्टिकचा ड्रम पुरेसा आहे. अशी दोन भांडी घ्या. बाजूंना आणि तळाला भोकं पाडा, खाली ताटली ठेवा आणि भांडं दोन विटांवर बसवा, म्हणजे खालूनही हवा मिळेल. तळाशी चार बोटं नारळाच्या शेंड्या किंवा पानं पसरा. त्यावर मूठभर जुनं शेणखत किंवा कोणाकडचं तयार कंपोस्ट टाका. ते नसेल तर आंबट ताकात थोडा गूळ विरघळवून शिंपडा. विरजण म्हणून यातलं काहीही चालतं.

मग रोजचं काम पाच मिनिटांचं. भाजी निवडताना, चिरताना निघालेला कचरा ओट्यावरच एका भांड्यात जमवा. मोठी देठं, कलिंगड-फणसाच्या साली, कोबीची बुडखी बारीक करा. तुकडे जितके लहान तितकं खत लवकर. दिवसातून एकदा तो डब्यात ओता आणि त्यावर तितकाच पाचोळा असा पसरा की खालचं काही दिसू नये. आठवड्यातून दोनदा काठीने किंवा खुरप्याने खालवर करा. वरून गोणपाट किंवा हवा जाईल असं झाकण ठेवा. आतला माल पिळून काढलेल्या फडक्याइतका ओलसर असावा. त्याहून ओला असेल तर पानं वाढवा, कोरडा असेल तर पाणी शिंपडा.

पहिलं भांडं भरलं की बाजूला ठेवा आणि दुसरं सुरू करा. ठेवलेलं भांडं अधूनमधून हलवत राहा. दीड-दोन महिन्यांत आतलं सगळं काळपट, भुसभुशीत होतं आणि त्याला पावसातल्या मातीचा वास येतो. शंका असेल तर मूठभर माल बंद पिशवीत दोन-तीन दिवस ठेवून उघडा. आंबूस वास आला तर अजून थांबा, कारण कच्चं खत रोपांच्या मुळांना बाधतं. तयार खत चाळून घ्या, वर राहिलेलं पुन्हा डब्यात टाका. कुंडीत तीन भाग मातीला एक भाग खत पुरेसं होतं.

डब्यात काय घालावं? भाज्यांचा कचरा, फळांच्या साली, मटारची टरफलं, कोथिंबिरीच्या काड्या, चहाचा चोथा, अंड्यांची चुरलेली टरफलं, थोडी शिळी पोळी-भात, दोरा आणि प्लास्टिक काढलेलं निर्माल्य. आंब्याच्या कोयी आणि करवंट्या कुजायला फार वेळ लावतात, त्या वेगळ्या ठेवा. मासळी, हाडं, तेलकट पदार्थ, दूध-दही सुरुवातीला तरी घालू नका. ते ओल्या कचऱ्यात बाहेर द्या. फळांवरचे स्टिकर, भाजीच्या जुड्यांचे रबर, टाचणी किंवा प्लास्टिक असलेल्या चहाच्या पिशव्या काढून टाका. घरगुती डबा मोठ्या ढिगासारखा तापत नाही, म्हणून कुत्र्या-मांजरांची विष्ठा आणि रोगट झाडांचे अवशेष त्यात घालायचे नाहीत.

अडचण आली तर डबा फेकू नका

वास आला म्हणजे पाणी जास्त झालं आणि हवा कमी पडली. भरपूर पानं मिसळा आणि खालवर करा, एक-दोन दिवसांत वास जातो. चिलटं आली म्हणजे वरचा थर उघडा राहिला. पानांचं पांघरूण जाड करा. मुंग्या झाल्या म्हणजे डबा कोरडा पडला. पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, कुजण्याचं काम नीट चालल्याची ती खूण आहे. पावसाळ्यात तपकिरी, खवल्याखवल्यांच्या जाड अळ्या दिसतात. त्या काळ्या सैनिकमाशीच्या असतात. त्या चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, उलट कचरा झपाट्याने फस्त करतात. ताटलीत जमणारं काळपट पाणी दहापट साध्या पाण्यात मिसळून झाडांना घाला.

खरी परीक्षा जुलै-ऑगस्टमध्ये होते. हवाच दमट असते, काही वाळत नाही आणि डबा चिखल होतो. हौसेने सुरू केलेले अनेक डबे याच दिवसांत बंद पडतात. पोत्यांत भरलेला कोरडा पाचोळा त्या वेळी हाताशी असला तर डबा तगतो. घरात एक पावसाळा निभावला की पुढे हे काम अंगवळणी पडतं.

"आम्ही कर भरतो, हे महापालिकेचं काम आहे"

हा आक्षेप नेहमी ऐकू येतो आणि त्यात तथ्यही आहे. शहराची व्यवस्था चोख ठेवणं ही महापालिकेचीच जबाबदारी आहे. तिचा जाब आपण विचारलाच पाहिजे. परंतु ओल्या कचऱ्याचा कुठलाही प्रकल्प, मग तो बायोगॅसचा असो की खताचा, वेगळा केलेला कचरा मिळाला तरच नीट चालतो. मिसळलेल्यातून अन्न पुन्हा वेगळं काढणारी यंत्रणा महाग पडते आणि अपुरी ठरते. वेगळं करण्याची जागा आपला ओटाच आहे. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा ठेवणं प्रत्येकाला बंधनकारक केलं. म्हणजे ही केवळ सदिच्छेची बाब उरलेली नाही.

"जागा नाही" असंही म्हटलं जातं. दोन बादल्यांना वॉशिंग मशीनहून कमी जागा लागते. ऊन लागत नाही, बाग असावी लागत नाही. स्वतःला खत नको असेल तर सोसायटीच्या झाडांना, ओळखीच्या शेतकऱ्याला, शाळेच्या परसबागेला द्या. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच ओल्या कचऱ्यावर भाज्या आणि फळझाडं वाढवून दाखवली. अशा बागांना दिशा दिली ती कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकर यांच्या 'प्रयोग परिवारा'ने. त्यांनी सामान्य माणसाला घरातल्या काडीकचऱ्यातून माती घडवायला शिकवलं. त्याही आधी कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी, ज्याला कोणी हात लावायला धजत नव्हतं त्या मैल्याचं सोनखत करून शेतकऱ्यांना दाखवलं आणि त्यासाठी समाजाचा रोष पत्करला. आपल्याला तर फक्त भाजीची देठं हाताळायची आहेत.

आणि हे करून दाखवलेली गावं आहेत. वेंगुर्ल्यात मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात नगरपरिषदेने घरोघरी कचरा वेगळा करायला लावला आणि जिथे कचऱ्याचे ढीग होते ती जागा लोक पाहायला येतील अशी केली. कल्याणमध्ये कचरा वर्गीकरणाची मोहीम नेटाने राबवल्यावर वर्षानुवर्षं धुमसणारं आधारवाडीचं डम्पिंग ग्राउंड मे २०२१ मध्ये बंद झालं. दोन्हीकडे माणसं आपल्यासारखीच होती.

प्रत्येकाकडून काय हवं आहे

घरातल्या पुरुषांनो आणि मुलांनो, डब्याची जबाबदारी तुम्ही घ्या. आधीच ओट्याशी उभ्या असलेल्या बाईच्या कामात ही भर घालू नका. घरकामाला येणाऱ्या मावशींच्या गळ्यातही हे काम मारू नका. पाचोळा आणणं, डबा हलवणं, खत चाळणं हे दहा वर्षांचं मूलही शिकू शकतं.

सोसायटीच्या अध्यक्षांनो, सचिवांनो, तुमच्या आवारातला बिल्डरने बांधून दिलेला खताचा हौद आज कशासाठी वापरला जातो, ते उतरून पाहा. त्यात जुनं फर्निचर पडलं असेल तर या महिन्यात तो रिकामा करा. वीज खाऊन चोवीस तासांत खत देण्याचा दावा करणारं यंत्र घेण्याआधी एक गोष्ट तपासा. अशा यंत्रांतून बरेचदा नुसता वाळवलेला कचरा बाहेर पडतो. तो पाणी लागताच पुन्हा सडू लागतो, त्याला खत म्हणता येत नाही. विटांचे किंवा जाळीचे चार कप्पे, पुरेसा पाचोळा आणि रीतसर पगार, हातमोजे, बूट मिळणारा एक प्रशिक्षित माणूस एवढ्यावर शंभर घरांचं काम निभतं. पुणे महापालिकेने गांडूळखत, सौरऊर्जा आणि पर्जन्यजल संधारण यांसाठी मालमत्ता करात सवलतही ठेवली आहे. प्रकल्प खरोखर चालवून ती घ्या, कागदोपत्री दाखवून नको.

शिक्षकांनो, जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात प्रत्येक वर्गाला एक बादली द्या. कर्ब, नत्र, जिवाणू, बुरशी हे सगळं मुलं पुस्तकात वाचतात. डब्यात ते त्यांना डोळ्यांनी दिसेल.

देवळांच्या विश्वस्तांनो, श्रावण आणि गणपती पुढ्यात आहेत. निर्माल्य नदीत जाऊ नये म्हणून कलश ठेवता, ते चांगलंच आहे. त्या कलशातलं निर्माल्य आवारातच जिरवायची सोय आताच करा. हॉटेलवाल्यांनो, मंगल कार्यालयांच्या मालकांनो, दिवसाला १०० किलोंहून अधिक कचरा करणारी जागा २०१६ च्या नियमांत मोठा कचरा उत्पादक ठरली. तुमच्या एका पंगतीचा कचरा कित्येक घरांच्या महिन्याभराच्या कष्टांवर पाणी फिरवू शकतो. तुम्ही मागे राहू नका.

नगरसेवकांनो आणि अधिकाऱ्यांनो, तुमच्या प्रभागात उद्यापासून एकही पान जळणार नाही, एवढं बघा. रस्त्यावरून गोळा झालेला पाचोळा साठवायला प्रत्येक प्रभागात छपराची एक जागा द्या आणि पावसाळ्यात तो मागेल त्याला मोफत मिळू द्या.

या महिन्याचा नेम

या आठवड्यात: घरात ओल्या कचऱ्याचं भांडं वेगळं करा. दोन पोती पानं आणा.

पुढच्या आठवड्यात: बादल्यांना भोकं पाडा, विरजण मिळवा, पहिला थर लावा.

तिसऱ्या आठवड्यात: आपल्या मजल्यावरच्या, वाड्यातल्या किंवा गल्लीतल्या किमान एका घराला डबा लावून द्या. मूठभर खत विरजणाला द्या, आठवडाभर विचारपूस करा.

चौथ्या आठवड्यात: सोसायटीची बैठक बोलवा. पाचोळा साठवायची जागा आणि सामाईक खतासाठी एक जबाबदार माणूस ठरवून इतिवृत्तात लिहून घ्या.

ज्यांना खत करणं खरोखरच शक्य नाही, जे एकटे आहेत, आजारी आहेत, एका खोलीत पाच जण राहतात, त्यांनी ओला आणि सुका कचरा वेगळा देणं तरी आजपासून काटेकोर पाळावं. त्यांचा वाटाही तितकाच मोलाचा आहे.

फुरसुंगी-उरुळीच्या लोकांनी पुष्कळ सोसलं. आता त्यांच्या शिवाराकडे जाणारं पुण्याचं ओझं कमी करण्याची पाळी आपली आहे. त्यासाठी कुठल्या निविदेची किंवा कुठल्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. पाऊस यायला महिना आहे, पानं अजून कोरडी आहेत. उद्या सकाळी पोतं घेऊन खाली उतरा आणि शेजाऱ्यालाही हाक मारा.